लखू पाथरवट डोंगर उतरतो

“आणि त्याचे पाय?” सहजगिर बाबांनी विचारलं.

पद्माकर गोंधळला. शेवटची ओवी म्हणून त्याने नुकतेच हात जोडले होते. एवढी रंगलेली कथा संपल्यावर ऐकणारा ‘वा’ म्हणतो, डोळे पुसतो, निदान मान तरी डोलावतो.

“कुणाचे पाय, बाबा?”

“तुझ्या त्या पाथरवटाचे. देवी माथ्यावर बसली. शंख झाले, फुलं झाली... तेव्हा त्याचे पाय काय करत होते?”

“पायांचं काय... उभा होता तो. हात जोडून.”

“हं,” बाबा म्हणाले, आणि तळ्याकडे बघत राहिले.

तळं दिसत नव्हतंच. कोळमाथ्यावर हिवाळ्यात सकाळचं धुकं असं बसतं की मठाच्या पायरीखालचं सगळं जग विरघळून गेल्यासारखं वाटतं. पाण्याचा वास तेवढा येतो. मधूनच टिटवी ओरडते, आणि ती वर ओरडली की खाली, तेही कळत नाही.

पद्माकर आदल्या दिवशी संध्याकाळी डोंगर चढून आला होता. घर कथेकऱ्यांचं. आजा कथा सांगत असे, वडील सांगत, आणि वडिलांपेक्षा मुलाचा गळा गोड असं आसरेवाडीचे लोक म्हणत. ते पद्माकरच्या कानावर आलं होतं. कानावर आलेलं त्याने कानातच ठेवलं नव्हतं, थोडं खाली, छातीत उतरू दिलं होतं.

ही लखू पाथरवटाची कथा त्याने स्वतः रचली होती. लखूच्या स्वप्नात देवी येते. म्हणते, ‘मी डोहात शिळा होऊन पडले आहे. मला डोंगरावर ने. वाटेत जिथे टेकवशील, तिथेच मी राहीन.’ लखू शिळा पाठीवर घेतो. घरावरून जाताना बायको दारात येते, ‘लेकरू तापलंय, जरा थांबा’ म्हणते. तो थांबत नाही. टाचा फुटतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, तरी तो टेकत नाही. अखेर माथा येतो. शिळा खाली ठेवताच तिला डोळे फुटतात, आणि आभाळातून फुलं पडतात.

इथे ऐकणारे जयजयकार करत. ज्याला ज्याला त्याने ही कथा ऐकवली, त्याने त्याने केला.

एक अण्णा सोडून.

अण्णा म्हणजे पद्माकरचे वडील. गेल्या भाद्रपदात त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. ज्या जिभेवर सरस्वती नांदते असं लोक म्हणत, ती जीभ तोंडात लाकडासारखी पडून राहिली. डावा हात तेवढा हलत होता. पद्माकर त्यांच्या खाटेसमोर पाट मांडून बसायचा, उपरणं नीट करायचा आणि कथा लावायचा. अण्णा डोळे मिटून ऐकायचे. फुलं पडायची, शंख वाजायचे, पद्माकर हात जोडायचा. आणि गोधडीवरचा तो डावा हात हळूच वर यायचा. तळवा उताणा व्हायचा.

मग?

पद्माकरने फुलं वाढवली. देवीच्या तोंडी चार ओव्या घातल्या. एका राजालाही दर्शनाला आणून बघितलं. हात वर यायचाच.

मग?

चैत्रात देवीच्या उत्सवात ही कथा पहिल्यांदा सगळ्या गावापुढे लागायची होती. आणि वैद्यांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं होतं, फार आशा धरू नका. अण्णांनी एकदा मान डोलावल्याशिवाय जाऊ नये, हे पद्माकरच्या मनात रोज येत होतं. अण्णांनी जाऊच नये, हे किती वेळा येत होतं, ते त्याने कधी पाहिलं नाही.

अण्णा दर वर्षी सुगी आटोपली की कोळमाथ्यावर यायचे आणि सहजगिर बाबांना एक कथा ऐकवून जायचे. ऐकायला दुसरं कुणी नसे. म्हणून पद्माकर इथे आला होता. अण्णांचं दुखणं त्याने काल रात्रीच बाबांना सांगितलं होतं.

“शेवट चुकतोय माझा,” तो आता म्हणाला. “कुठे चुकतोय तेवढं सांगा. बाकी मी बघून घेईन.”

बाबांनी पायरीवरचं दव हाताने पुसलं.

“नमस्कार घालतोस?”

“सूर्यनमस्कार? रोज. अण्णांनीच सवय लावली.”

“घाल.”

पद्माकरने उपरणं बाजूला ठेवलं आणि नमस्कार घातला. अंग कमावलेलं होतं. उभा, मागे, वाकून खाली, पाय मागे, जमिनीशी सपाट, छाती वर... वेतासारखा गेला आणि वेतासारखा परत उभा राहिला. धापही लागली नाही.

“छान,” बाबा म्हणाले. “हा तू घातलास. आता लखूला घालू दे.”

“म्हणजे?”

“उभा राहा. हात जोड. लखू कुठे आहे?”

पद्माकरला हसू आलं. तरी तो उभा राहिला. हात जोडले.

“घरी. अजून स्वप्न पडायचंय.”

“पडू दे.”

पद्माकरने हात वर नेले, कमरेतून मागे झुकला. मान मागे गेली, डोळ्यांसमोर नुसतं पांढरं आलं. त्या पांढऱ्यात वर काही नव्हतं, खाली काही नव्हतं. क्षणभर आपण खरंच झोपेत आहोत असं त्याला वाटलं.

“स्वप्न पडलं,” तो म्हणाला.

“मग?”

तो शब्द ऐकून पद्माकर दचकला. पण वाकला. तळवे जमिनीला टेकले. गारठ्याने बोटं आखडली.

“डोहात हात घातले. शिळा धरली.”

“घाई करू नकोस. जड आहे ती.”

तो थांबला. रोज ज्या जागी तो श्वासभरही थांबत नसे, तिथे वाकून थांबला. मांड्यांमागच्या शिरा ओढल्या गेल्या. शिळा जड आहे, हे आपल्या कथेत एकदाही आलेलं नाही, हे त्याच्या ध्यानात आलं. कथेत लखू शिळा ‘फुलासम’ उचलत होता. ओवीत बसत होतं म्हणून.

एक पाय मागे गेला.

“घर मागे पडलं.”

दुसरा पाय मागे गेला. अंग फळीसारखं ताणून दोन हातांवर उभं राहिलं.

“चढ लागला... बाबा, किती वेळ राहू असा?”

“चढ किती आहे?”

पद्माकर तसाच ताणून राहिला. हात थरथरायला लागले. घाम नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबला. मग अंग आपसूक खाली गेलं. गुडघे, छाती, कपाळ जमिनीला लागलं. मातीला ओल्या राखेचा वास होता.

“आणि इथे?” बाबांचा आवाज लांबून आल्यासारखा आला.

“इथे...” कपाळ टेकलेलंच ठेवून पद्माकर म्हणाला, “इथे त्याला वाटतं, नाही जमणार.”

“हे आहे तुझ्या कथेत?”

“नाही.”

“पुढे.”

पद्माकरने हात रोवले आणि छाती उचलली. पाठीचा कणा मागे वळला, मान वर गेली, तोंड आभाळाकडे झालं. इतका वेळ मातीत असलेल्या छातीत वारं भरलं. अंग शहारलं.

“माथा!” तो म्हणाला. “फुलं पडतात ती इथे. इथे संपते कथा.”

“इथे संपते?”

“इथेच.”

“मग राहा तिथे,” असं म्हणून बाबा उठले आणि गाईला सोडायला गोठ्याकडे निघून गेले.

पद्माकर राहिला. सुरुवातीला बरं वाटलं. देवळाच्या खांबावरच्या नागासारखे आपण उभारलो आहोत असं वाटलं. धुक्यातून गाईच्या गळ्यातली घंटा वाजत गेली, बारीक होत गेली. मग कमरेत कळ आली. मग खांद्यांत. आभाळ जिथल्या तिथे होतं. एकही फूल पडलं नाही. घंटा पुन्हा ऐकू आली, की दुसऱ्याच कुठल्या गाईची होती... माथ्यावर लखू एकटा होता. इतका एकटा, की त्याला तिथे आणून ठेवणाऱ्याचीच पद्माकरला लाज वाटली.

हात मुडपले. तो तोंडावर पडला.

“संपली?” बाबा परत आले होते.

“नाही. पडलो.”

“हं. उद्या बघू.”

दुसऱ्या दिवशीही धुकं होतंच. बाबा पायरीवर घोंगडी पांघरून बसले होते. जागे आहेत की पेंगताहेत, ते सांगता येत नव्हतं. पद्माकर आपणच उभा राहिला, आपणच हात जोडले. स्वप्न, शिळा, घर, चढ, माती, माथा... एकेका जागी तो थांबत गेला. काल ज्या जागांची नावं त्याने घेतली होती, त्या आज न सांगता येत होत्या.

माथ्यावर तो थांबला.

“आता?” त्याने विचारलं.

“रोज काय करतोस?” बाबा डोळे न उघडता म्हणाले.

रोज काय करतो? रोज तो छाती खाली घेतो, कंबर वर उचलतो, टाचा टेकवतो. म्हणजे नमस्काराचा परतीचा भाग. त्याचा विचार असा कधी केला नव्हता. तो आपला होऊन जातो.

पद्माकरने कंबर उचलली. डोकं दोन हातांच्या मध्ये आलं, अंग दोन्हीकडे उतरतं झालं.

“आता डोंगर तुझ्या अंगात आहे,” बाबा म्हणाले. “उतर.”

खाली पाहिलं तर आपलेच पाय उलटे दिसत होते, त्यांच्यामागे पांढरं धुकं, आणि त्यात कुठेतरी तळं. पद्माकरला वाटलं, लखू वळला आहे. पाठीवर काही नाही. तरी पाठ वाकलेलीच आहे. इतके कोस ओझं वाहिलेली पाठ ओझं उतरलं म्हणून लगेच सरळ कशी होईल? आणि हात... हात हलके होऊन आपोआप वर वर येताहेत, पाण्यात यावेत तसे. वाटेतली झाडं त्याला ओळखत नाहीत. चढताना त्याने एकाही झाडाकडे पाहिलं नव्हतं. वारा आहे, उतार आहे, आणि पावलाला आवाज नाही...

किती वेळ गेला, कुणास ठाऊक.

“पाय पुढे घे,” बाबा म्हणाले.

पद्माकरने पाय उचलला. तो दोन्ही हातांच्या मध्ये यायला हवा होता. मध्येच राहिला. त्याने ओढून पाहिलं. ज्या अंगाने हजारो नमस्कार घातले होते, ते अंग अडून बसलं होतं.

“येत नाही.”

“कुणाचा?”

पद्माकर हळू म्हणाला, “लखूचा.”

“का?”

“खाली... खाली घर आहे.”

बाबांनी डोळे उघडले. घोंगडी खांद्यावरून ओघळली, ती त्यांनी तशीच राहू दिली.

“अण्णांना उचलतं कोण?”

“आँ?”

“खाटेवरून. न्हाणीपर्यंत, उन्हापर्यंत. कोण उचलतं?”

“आई. आणि शेजारचे दाजीबा येतात. दोघं मिळून...”

“आणि तू?”

“मी त्यांना कथा सांगतो, बाबा.”

हे म्हणून झाल्यावर पद्माकरला आपलाच आवाज ऐकू आला. गोड होता. त्या पांढऱ्या शांततेत बराच वेळ तो तसाच तरंगत राहिला.

बाबांनी फक्त हाताने धुक्याकडे, म्हणजे वाटेकडे, खूण केली.

पद्माकर दुपारी घरी पोचला. अंगणात ऊन होतं. आई न्हाणीच्या दगडावर कपडे आपटत होती. त्याला लवकर आलेला पाहून ती घाबरली.

“काय रे? बाबा बरे आहेत ना?”

“बरे आहेत. अण्णा उन्हात नाही आले आज?”

“दाजीबा परगावी गेलेत. मला एकटीला होतंय का...”

पद्माकर आत गेला. खोलीत तेलाचा आणि औषधाचा वास होता. अण्णा छताकडे बघत पडले होते. मुलाला पाहताच त्यांनी डोळे मिटून घेतले. कथा ऐकायची असली की ते असेच डोळे मिटत.

त्याने पाट मांडला नाही. खाटेशी जाऊन तो पाठमोरा बसला.

“अण्णा, हात द्या.”

अण्णांचा डावा हात चाचपडत त्याच्या गळ्याशी आला. उजवा हात त्याने स्वतः ओढून घेतला, आपल्या हातात पकडला. मग पुढे वाकला आणि उठला.

त्याला वाटलं होतं, अण्णा जड असतील. कमावलेल्या अंगाने त्याने जोर लावला आणि तो जोर वायाच गेला. अण्णा कापडाच्या गाठोड्याएवढे झाले होते. त्यांचा श्वास मानेवर लागत होता. दाढीचे खुंट टोचत होते. लहानपणी जत्रेहून परतताना आपण याच माणसाच्या पाठीवर झोपून यायचो, हे त्याला डोक्याने नाही, पाठीने आठवलं.

उंबऱ्याशी तो क्षणभर थांबला. तोल सावरला. आणि अण्णांना ओसरीवर, उन्हात, भिंतीला टेकवून बसवलं.

सरळ व्हायला गेला तर पाठ लगेच सरळ झाली नाही. हसू आलं त्याला, आणि त्या हसण्यात पाणी कुठून मिसळलं, कळलं नाही. तो तसाच वाकून राहिला. आई दाराशी येऊन ओले हात पदराला पुसत बघत होती.

त्या रोजपासून अण्णांना उचलायचं काम त्याचं झालं. वैद्यांनी अण्णांचे हातपाय रोज तेल लावून हलवायला सांगितले होते, तेही त्याने आईकडून घेतलं. सकाळचं ऊन ओसरीवर आलं की तो अण्णांना तिथे आणायचा, तिळाचं तेल कोमट करून घ्यायचा आणि पाय मांडीवर घ्यायचा.

आणि हातपाय हलवता हलवता कथा सांगायचा. उपरण्याशिवाय, गळा न लावता. शेजारी बसून जेवताना बोलावं, तशी.

“लखू उभा आहे,” तो म्हणायचा, आणि अण्णांचे दोन्ही तळवे एकमेकांना जोडायचा. उजवा तळवा गार असायचा. तो डाव्याच्या उबेत थोडा वेळ राहू द्यायचा.

“त्याला स्वप्न पडलं.” दोन्ही हात धरून हळूच डोक्यावर. खांदा कुरकुरायचा. अण्णांच्या कपाळाला आठी पडली की तो थांबायचा.

“शिळा जड आहे, अण्णा.” गुडघा वाकवून पोटाशी. “जड आहे म्हणून एकदम उचलत नाही तो.”

एके दिवशी चढाच्या जागी त्याने घाई केली. अण्णांच्या डाव्या हाताने त्याचं मनगट धरलं. घट्ट. थांबवलं. मग सोडलं. तिथे चढ आहे, असं अण्णा सांगत होते. बापाने मुलाला असं मनगट धरून नेलं, ते लहानपणीच्या धुळाक्षरांनंतर आत्ताच. पद्माकर पुन्हा मागे गेला आणि चढ त्यांच्या श्वासाच्या चालीने चढला.

कपाळ मातीला टेकायची जागा आली की तो अण्णांच्या कपाळावर तेलाचा हात ठेवायचा. दोघंही गप्प बसायचे. अंगणात कोंबड्या माती उकरायच्या.

मग माथा. तो अण्णांच्या पाठीमागे हात घालून त्यांना थोडं वर उचलायचा, छाती उन्हाकडे. फुलं आता एखाददुसरंच पडायचं. शंख गेला होता. राजा कधीच गेला होता.

“आणि देवी ठेवून लखू वळला...”

इथून उतार. अण्णांचं अंग तो खाली घ्यायचा, इतकं सावकाश, की पाठ भिंतीला कधी टेकली ते त्यांनाही कळू नये. पाय मांडीवरून चटईवर. हात मांडीवरून कुशीत. लखू खाली येत राहायचा. झऱ्यावर थांबून पाणी प्यायचा. पाण्यात वाकलेला कुणी म्हातारा दिसायचा, तो कोण, असं लखूला वाटायचं. हात हलके होऊन वर यायचे. झाडांची नावं तो एकेक करून विचारायचा...

आणि अण्णा झोपायचे.

वारं गेल्यापासून त्यांना धड झोप नव्हती. रात्रभर ते उघड्या डोळ्यांनी पडलेले असायचे, आई सांगायची. आता ते ओसरीच्या उन्हात, लखू झऱ्याच्या खाली उतरतो न उतरतो तोच, तोंड किंचित उघडं टाकून लहान मुलासारखे झोपायचे. पद्माकर थांबायचा नाही. आवाज आणखी उतरवून तो लखूला घरापर्यंत आणायचा. दारात बायको काही बोलायची नाही, पायांवर पाणी घालायची. ताप उतरलेलं लेकरू उंबऱ्यात बसलेलं असायचं. बापाची पाठ वाकलेली बघून त्याला ते आपल्यासाठीच वाटायचं. ते उठायचं, आणि चढून बसायचं.

एवढं झालं की पद्माकर तेलाची वाटी उचलायचा.

त्या चैत्रात तो उत्सवाला गेला नाही. चुलतभावाने जुनीच कुठली कथा लावली. जयजयकाराचा आवाज देवळापासून ओसरीपर्यंत आला, तेव्हा पद्माकर अण्णांचा उजवा पंजा एकेक बोट करून उघडत होता. त्याने मान वर केली. ऐकलं. छातीत थोडं दुखलं, नाही असं नाही. मग पुढच्या बोटाकडे वळला.

अण्णा ज्येष्ठात गेले. पहाटे, झोपेत.

सुगी आटोपल्यावर पद्माकर कोळमाथ्यावर गेला. या वेळी धुकं पातळ होतं. पायरीवरून तळं दिसत होतं, आणि तळ्यात दुसरं आभाळ. बाबा त्याच जागी होते. थोडे वाळले होते. त्यांनी पद्माकरला शेजारी बसायला जागा करून दिली.

पद्माकर बसला.

“अण्णा गेले, बाबा.”

“हो.”

“कथा झाली पुरी. उतारासकट. पण...”

टिटवी पाण्यालगत उडत गेली. तिच्यासोबत तिची सावलीही गेली.

“पण त्यांनी शेवट ऐकलाच नाही. एकदाही नाही. रोज उतार लागला की झोपायचे. लेकरू पाठीवर चढतं ते त्यांना ठाऊकच नाही. मान डोलावली नाही, हात वर केला नाही... काहीच नाही. कथेकऱ्याच्या पुढ्यात ऐकणारा झोपला याहून दुसरी नामुष्की ती काय? आणि तीही स्वतःचा बाप.”

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं.

“ते झोपल्यावर तू थांबायचास?” त्यांनी विचारलं.

“नाही. सांगत राहायचो. शेवटपर्यंत.”

“कुणाला?”

पद्माकरने तोंड उघडलं. उत्तर येईल असं त्याला वाटलं होतं. ते आलं नाही. आणि ते न आल्याचं, का कोण जाणे, दुःखही झालं नाही.

बाबांनी घोंगडीचं एक टोक उचलून त्याच्या गुडघ्यांवर टाकलं.

“जागं ठेवणारे कथेकरी पुष्कळ पाहिले रे...”